चौदाशे वीसच्या खाली

खोडदच्या कंट्रोल रूममध्ये विश्वाचा भूतकाळ वर्षांत मोजत नाहीत, मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. कुणी "सातशे दहावर आहोत" म्हणालं की समजायचं, अँटेना सुमारे 780 कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनकडे लागल्या आहेत. "एकशे अठ्ठेचाळीस" म्हटलं की विश्व अजून साठ कोटी वर्षांचंही झालेलं नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन जीएमआरटी या इथल्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला लागले तेव्हा ही भाषा ऐकून गोंधळून जायची. आता उलटं झालंय. कुणी व्याख्यानात "अमुक अब्ज वर्षांपूर्वी" म्हणालं की माझ्या मनात भागाकार सुरू होतो.

भागाकार शाळेतल्या पोरालाही जमेल असा आहे. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांचे स्पिन एकाच दिशेला असले तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते, आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला की तो एवढासा फरक 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर होऊन बाहेर पडतो. कंप्रता 1420.4 मेगाहर्ट्झ. एकटा सोडलेला अणू हे सरासरी सुमारे 1.1 कोटी वर्षांत एकदा करतो. इतक्या आळशी अणूकडून काही कळावं अशी अपेक्षा करणंच खरं तर अवघड, पण एकेका दीर्घिकेत त्यांची संख्या इतकी प्रचंड असते की लहर सतत निघत राहते. ती वाटेत असताना विश्व प्रसरण पावतं आणि लहरही ताणली जाते. दुप्पट ताणली तर 1420 चे 710 होतात. म्हणजे लहर कुठल्या आकड्यावर सापडली हे कळलं की ती कधी निघाली तेही कळलं.

ही लहर असावी असं हेंड्रिक व्हान डी हुल्स्ट या डच विद्यार्थ्याने 1944 मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कागदावर मांडलं. 25 मार्च 1951 ला हार्वर्डमध्ये हॅरोल्ड यूअन आणि एडवर्ड पर्सेल यांनी ती पकडली. यूअनने प्लायवूडला तांब्याचा पातळ पत्रा लावून मोठं कर्ण्यासारखं तोंड केलं आणि प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलं. पाऊस आला की त्यातून पाणी खोलीत यायचं. हिवाळ्यात खालून जाणारी पोरं त्यात नेम धरून बर्फाचे गोळे मारायची. मला हा किस्सा फार आवडतो, कारण माझी नोकरी साधारण त्याच प्रकारची आहे. गोळे कोण मारतंय, कुठून मारतंय, ते शोधायचं.

आंतरराष्ट्रीय नियमांनी 1400 ते 1427 मेगाहर्ट्झचा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखून ठेवला आहे. तिथे कुणी प्रक्षेपण करायचं नाही. लोकांना वाटतं, चला, हायड्रोजन सुरक्षित झाला. पण हे कुंपण फक्त जवळच्या हायड्रोजनला आहे. दूरचा हायड्रोजन ताणला जाऊन 1400 च्या खाली घसरला की तो कुंपणाबाहेर गेला. हजारच्या खाली मोबाइल. सातशेच्या आसपासही आता मोबाइल, शिवाय लग्नाच्या मांडवातले नि तमाशाच्या फडावरचे बरेचसे कॉर्डलेस माइक. त्याखाली टीव्ही, वॉकीटॉकी, विमानांचा संवाद. आणि पहिले तारे पेटले त्या सुमाराचा हायड्रोजन शोधायचा तर तो 88 ते 108 मध्ये, म्हणजे बरोबर एफएमच्या पट्टीवर येऊन बसलाय. पुण्यात रिक्षावाला ज्या आकड्यावर गाणी लावतो, त्याच आकड्यावर ते सगळं आहे, फक्त अब्जावधी पटींनी क्षीण. जितकं मागे जावं तितकं माणसाच्या गोंगाटात आत शिरावं लागतं. प्राचीन विश्वाचा अभ्यास म्हणून जे आम्ही करतो, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ आजच्या जगाचा, त्यातही जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा अभ्यास असतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मला त्याचीच गोडी लागली.

जागा निवडली तेव्हा, ऐंशीच्या दशकात, इथे शांतता होती. नारायणगावपासून आत, आजूबाजूला डोंगरांचा आडोसा, पुणे ऐंशीएक किलोमीटरवर. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जी दुर्बीण कल्पिली तिच्यात 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. त्यांतल्या 14 मधल्या एक चौरस किलोमीटर भागात, उरलेल्या 16 तीन दिशांना गेलेल्या हातांवर, टोकापासून टोकापर्यंत 25 किलोमीटर. एवढ्या मोठ्या डिश भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च आणि वारा दोन्ही परवडले नसते. म्हणून पोलादी दोरांच्या ताणावर बसवलेली जाळी आली, तार फक्त अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. मोठ्या लहरींना ती आरशासारखी वाटते आणि वारा आरपार निघून जातो. तरी जोराचं वादळ सुटलं की निरीक्षण थांबवून सगळ्या डिश आभाळाकडे तोंड करून उभ्या कराव्या लागतात.

स्वरूप यांच्या डोक्यात सुरुवातीपासून हायड्रोजनच होता. त्या काळी एक विचार असा होता की विश्वात आधी हायड्रोजनचे अवाढव्य ढग तयार झाले आणि मग त्यांचे तुकडे पडून दीर्घिका बनल्या. तसे ढग असतील तर 327 मेगाहर्ट्झच्या आसपास दिसायला हवेत, आणि ते दिसतील एवढी मोठी दुर्बीण हवी. दुर्बीण उभी राहीपर्यंत सिद्धान्ताचं पारडं फिरलं. आधी लहान गोष्टी बनल्या, मोठ्या नंतर, असं दिसू लागलं. ते अवाढव्य ढग नव्हतेच. पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. माझं मत असं की चुकीच्या अपेक्षेवर बांधलेलं यंत्र योग्य आकाराचं निघणं ही काही थोडी गोष्ट नाही. पल्सारपासून रेडिओ दीर्घिकांपर्यंत पुष्कळ काम तिने केलं, आणि हायड्रोजनकडे ती पुन्हा वळलीच.

माझं काम आरएफआय, म्हणजे नको असलेले संकेत. डेटात एकाच कंप्रतेवरची उभी रेघ दिसली तर सोपं असतं. कुणाचा तरी ट्रान्समीटर, तेवढा चॅनल टाकून द्यायचा. खरा वैताग म्हणजे सगळ्या चॅनलवर एकदम पसरणारा आवाज, म्हणजे ठिणग्या. विजेच्या लाइनवर कुठे इन्सुलेटरचं बाइंडिंग सैल झालं, कुठे तारेचा तुकडा लोंबत राहिला की त्या फटीत ठिणगी उडते. वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे घेते, प्रत्येक हेलकाव्यात ठिणगी दोनदा, म्हणजे दर दहा मिलिसेकंदांनी एक झटका. आलेखावर हे अंतर दिसलं की मला पुढचं काही बघावं लागत नाही. हायड्रोजन असा वेळ पाळत नाही.

दीडशे मेगाहर्ट्झच्या निरीक्षणांना मध्यरात्रीनंतरची वेळ चांगली, कारण दिवसा सूर्यामुळे खवळलेला आयनांबराचा थर तेव्हा जरा निवलेला असतो. पण शेतीला थ्री फेज वीज आठवडे वाटून येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात आवाज वाढायचा. लाइनवर भार आला की सैल सांधे बोलू लागतात, शिवाय मोटारींचे स्टार्टर. मग सकाळी आम्ही जीपमध्ये रिसीव्हर टाकून, हातात यागी अँटेना धरून बाहेर पडायचो. रिसीव्हर घरघरायला लागला की उतरायचं आणि बांधावरून चालत अँटेना इकडेतिकडे फिरवायची. उसाच्या कडेने जाताना सोबतचा ड्रायव्हर मुद्दाम मोठ्याने बोलायचा, कारण या भागात उसात बिबट्या असतो आणि त्याला चाहूल दिलेली बरी.

अशाच एका सकाळी टोमॅटोच्या मळ्यात एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ आमच्याकडे बघत उभे होते. शेवटी जवळ आले.

"ताई, बोअरचा पॉइंट बघताय का?"

अँटेना हातात धरून शेतातून सावकाश चालणारी बाई म्हणजे पाणाडीच, यात त्यांची काही चूक नव्हती. मी म्हटलं, "नाही तात्या, पाणी नाही. लाइटच्या तारेवर कुठे ठिणगी पडतेय का ते बघतेय."

"मंग इथं कशाला फिरताय? त्या वरच्या खांबावर जा. राती मोटार चालू कराया जातो ना, दव पडलेलं असलं की निळं निळं दिसतं. दोन वर्सं झाली."

खरंच त्याच खांबावर होतं. आमच्या रिसीव्हरने तिथपर्यंत पोचायला अजून अर्धा दिवस घेतला असता. वायरमनने वर चढून बाइंडिंग आवळलं, इन्सुलेटर बदलला, आणि पुढच्या रात्री त्या बाजूच्या अँटेनांच्या जोड्यांमधले दहा मिलिसेकंदांचे झटके गेले. तेव्हापासून गावात गेलं की आधी विचारायचं, मग अँटेना बाहेर काढायची, असा क्रम मी पाळते. तात्यांनी पुढे एकदा नारायणगावच्या बाजारात गाठून विचारलं होतं, "सापडलं का तुमचं ते?" मी म्हटलं, अजून नाही. "खांब नीट हाय ना पण?" म्हणाले.

खांब नीट होता. पण बाहेरचा गोंगाट आवरला तरी आकाशाचा स्वतःचा उरतोच. आपल्या आकाशगंगेत चुंबकीय क्षेत्राभोवती घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉन कमी कंप्रतांवर जबरदस्त तेजाळतात. 150 मेगाहर्ट्झला आकाशाचं तापमान शेकडो केल्विन भरतं, आणि आपल्याला हवा असलेला हायड्रोजन काही मिलिकेल्विन, फार तर दोन आकडी. मधे दहा हजार पटींहून जास्त अंतर. सुटका एकाच गोष्टीमुळे. आकाशगंगेचा प्रकाश कंप्रतेनुसार संथपणे बदलतो, हायड्रोजनचा चॅनलगणिक वरखाली होतो, कारण प्रत्येक चॅनल म्हणजे वेगळा काळ आणि वेगळा ढग. माळशेज घाटाचा चढ आणि रस्त्यावरची खडी यांत जो फरक, तोच हा. चढ मोजून वजा केला की हाताला खडी लागली पाहिजे. अडचण अशी की वजाबाकी जरा जास्त मन लावून केली तर खडीही निघून जाते.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. यू-ली पेन यांच्या गटाने खोडदच्या दुर्बिणीवर, विश्वातला हायड्रोजन पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने आयनीभूत होत होता त्या काळाचा शोध घेतला. 2011 मध्ये त्यांनी वरची मर्यादा दिली, 70 मिलिकेल्विन. संकेत असलाच तर याहून मोठा नाही. 2013 मध्ये त्याच प्रयोगाचा पुढचा निबंध आला आणि आकडा 248 झाला. मर्यादा सुधारली की आकडा खाली यावा अशी रीत. इथे तो वर गेला. मधल्या काळात त्यांनी संगणकात कृत्रिम संकेत तयार करून खऱ्या डेटात मिसळला होता आणि आपली वजाबाकी त्यातला किती खाते ते मोजलं होतं. बराच खात होती. मग खाल्लेला हिशोबात परत धरला आणि मोठा आकडा छापला.

त्या गटात मी नव्हते, पण डेटा साफ करण्याबद्दल मी जे काही मानते त्यातलं बरंचसं या दोन आकड्यांवर उभं आहे. नको ते काढून टाकणाऱ्या माणसाला एक सवय लागते. आलेख जितका गुळगुळीत तितकं काम चांगलं झालं असं वाटायला लागतं. पूर्ण गुळगुळीत आलेखात हायड्रोजनही नसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या हेरा दुर्बिणीने ही मर्यादा नंतर पुष्कळ खाली आणली. त्या काळातल्या हायड्रोजनचं उत्सर्जन मात्र अजून कुणाच्या हाती आलेलं नाही.

सातशेच्या पट्ट्यातली गोष्ट वेगळी. दुर्बिणीचं मोठं नूतनीकरण झालं तेव्हा पूर्वी एका वेळी 32 मेगाहर्ट्झ एवढाच तुकडा पाहता यायचा, तिथे 400 पर्यंत पाहता येऊ लागलं. म्हणजे एकाच निरीक्षणात शेकडो कोटी वर्षांचा पट्टा एकदम. तरीही त्या काळातली एकटी दीर्घिका दिसत नाही, कितीही तास बघा. मग आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरीज केली. हवाईतल्या केक दुर्बिणीने त्या भागातल्या हजारो दीर्घिकांच्या जागा आणि अंतरं आधीच मोजून ठेवली होती. म्हणजे कुठे बघायचं आणि कुठल्या आकड्यावर, दोन्ही ठाऊक. अशा 7,653 दीर्घिकांच्या जागचे रेडिओ तुकडे कापून घेतले, प्रत्येकाची लहर मागे सरकवून 1420 वर आणली आणि सरासरी काढली. गोंगाट वर्गमुळाच्या हिशोबाने घटतो, म्हणजे इथे सुमारे 87 पटींनी, आणि तळाशी हायड्रोजनचा उंचवटा राहिला. सरासरी दीर्घिकेत सूर्याच्या 1,190 कोटी पट वस्तुमानाचा अणुरूप हायड्रोजन. 2020 मध्ये हे 'नेचर'मध्ये आलं.

त्यातून निघालेला निष्कर्ष मला उंचवट्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्या काळी तारे फार झपाट्याने बनत होते, आणि त्या गतीने हा हायड्रोजन शंभर ते दोनशे कोटी वर्षांत संपला असता. नवा तेवढ्या वेगाने येत नव्हता. पुढे विश्वात तारे बनण्याचा वेग का ओसरला, हे कोडं बरीच वर्षं होतं. उत्तर एवढं साधं असावं, की शिधा संपत आला होता.

अशा बेरजेत मला सगळ्यात आवडतो तो उलटा प्रयोग. त्याच डेटातून, तितकेच तुकडे, पण मुद्दाम चुकीच्या जागांवरचे किंवा चुकीच्या आकड्यांवरचे घ्यायचे आणि बेरीज करायची. काहीही दिसता कामा नये. जर तिथेही उंचवटा आला तर तो हायड्रोजन नाही, कुठला तरी खांब आहे. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना खऱ्या जागांची बेरीज करायची घाई असते. मी आधी चुकीच्या जागांची करायला लावते आणि दोन दिवस त्यांच्या शिव्या खाते. शून्य येईपर्यंत पुढे जायचं नाही.

एकटी दूरची दीर्घिका दिसल्याची बातमीही नंतर आली. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी खोडदच्याच डेटात, सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेचा हायड्रोजन पकडला. वाटेत आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वामुळे तो संकेत तीसएक पटींनी मोठा होऊन आला होता. निसर्गाने भिंग धरलं तर ठीक. आमच्याकडे तसं मागवता येत नाही.

याहून मागे, एफएमच्या पट्टीवर जायचं तर खोडद उपयोगाचं नाही, आमच्या पट्ट्या 120 मेगाहर्ट्झच्या वर सुरू होतात. 2018 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागातल्या एजेस या छोट्या यंत्राने 78 मेगाहर्ट्झला एक खळगा दिसल्याचं सांगितलं. तिथे हायड्रोजन प्रकाश देत नाही, मागून येणारा शोषून घेतो. खळगा अपेक्षेच्या दुप्पटीहून खोल होता, आणि त्यावर सिद्धान्तकारांनी ढिगाने निबंध लिहिले. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या लोकांना शंका होती की अँटेनाखालची जमीनच काही खोडी करत असेल. जमीन थरांची, दगडामातीची, तिचा परिणाम नेमका मोजणं अवघड. म्हणून त्यांनी सारस नावाचा अँटेना तराफ्यावर बसवून कर्नाटकात दंडिगनहळ्ळीच्या तलावात आणि शरावतीच्या फुगवट्यात सोडला. खाली सारखं पाणी, हिशोब सोपा. 2022 मध्ये त्यांनी सांगितलं, तसा खळगा आम्हाला दिसत नाही. वाद पुरता मिटलाय असं नाही, पण अँटेनाखाली काय आहे हे आधी बघणारी माणसं मला आपल्या जातीची वाटतात.

आता पुढचा गोंगाट वरून येतोय. युरोपातल्या लोफार दुर्बिणीने 2023 मध्ये दाखवून दिलं की इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून 110 ते 188 मेगाहर्ट्झमध्ये न ठरवलेलं उत्सर्जन गळतं. मुद्दाम केलेलं प्रक्षेपण नाही, म्हणून ते परवान्यांच्या कागदांतही नाही. ऑस्ट्रेलियात एसकेए-लो ही एक लाख एकतीस हजारांवर छोट्या अँटेनांची दुर्बीण उभी राहतेय, भारतही त्यात आहे. वाळवंटात मोबाइल नाही, पण उपग्रह वाळवंटावरूनही जातात. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पृथ्वीचा आवाज पोचत नाही, म्हणून रामन संस्थेने प्रतुष हे यान चंद्राभोवती फिरवण्याचा प्रस्ताव मांडलाय. जावं त्याने. फक्त त्या यानाच्या स्वतःच्या पॉवर सप्लायला कुणीतरी शांत बसवायला हवं, आणि ते काम इथूनच करून पाठवावं लागेल.

सध्या माझ्यासोबत एक विद्यार्थिनी आहे. खराब डेटा आपोआप ओळखणारा प्रोग्राम तिला लिहायचाय, आणि त्याला शिकवायला दीडशेच्या पट्ट्यातली बरीच जुनी निरीक्षणं तिने जमवली आहेत. मी तिला म्हटलं, त्या रात्रींचं थ्री फेजचं वेळापत्रकही आण, नाहीतर तो प्रोग्राम कशाला काय म्हणतोय ते तुलाच कळणार नाही. ती नारायणगाव, मंचर असं फिरून तीन फीडरची वेळापत्रकं घेऊन आली. छापील वेळा आणि शेतकऱ्यांनी तोंडी सांगितलेल्या वेळा जुळत नाहीत. डेटातल्या ठिणग्या शेतकऱ्यांच्या वेळांशी जुळतात. तेव्हा तिने छापील कागद बाजूला ठेवलाय आणि पुढच्या रात्रपाळीच्या आठवड्यात आणखी दोन गावांत विचारायला जाणार आहे.